ट्रंक कॉल जोडणाऱ्या ऑपरेटरला आपलं बोलणं ऐकू यायचं का?

हो, ट्रंक कॉल म्हणजे ऑपरेटरने हाताने जोडलेला परगावचा फोन, त्यात ऐकू येऊ शकायचं, पण ऑपरेटरने किल्ली, म्हणजे बोर्डावरचा छोटा खटका, ऐकण्याच्या बाजूला ठेवली असेल तरच. असे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर मी काम केलेलं आहे. कॉल जोडायला तारेच्या दोऱ्यांच्या जोड्या असायच्या, आणि प्रत्येक जोडीला एक किल्ली. मागची दोरी फोन करणाऱ्याच्या जॅकमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या लाइनच्या भोकात, पुढची पलीकडच्या लाइनमध्ये. किल्ली एका बाजूला केली की आमचा हेडसेट त्या कॉलवर यायचा, मधोमध आणली की आम्ही बाहेर. पुढे त्या जोडीचे दिवे बघायचे, फोन ठेवला की ते लागत. ऐकावं लागायचं ते कामापुरतं: माणूस बोलायला आला का, आवाज पोचतो का, तीन मिनिटं झाली हे सांगायचं. लाइनवर आवाज फारच बारीक येत असला तर मधल्या ऑपरेटरने दोन्हीकडचे निरोप मोठ्याने पुन्हा सांगितलेत, आणि मृत्यूची बातमी असली की ते फार जड जायचं. गर्दीच्या वेळी एकेकीसमोर इतक्या दोऱ्या असायच्या की कुणाचं बसून ऐकायला सवडच नव्हती. शिवाय १८८५ च्या तार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे बेकायदा ऐकणं किंवा ऐकलेलं बाहेर सांगणं हा कर्मचाऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होता. हे हाताने जोडलेल्या कॉलपुरतंच खरं आहे. शहरात स्वयंचलित एक्स्चेंज आल्यावर स्थानिक कॉलमध्ये ऑपरेटर नसायचीच, आणि १९६० मध्ये कानपूर-लखनौपासून सुरू झालेल्या एसटीडीतही, म्हणजे स्वतः नंबर फिरवून थेट परगावी लावायच्या फोनमध्येही, नाही.