'टुडेज क्लायमेट इज नाइस' म्हटलं तर चुकतं का? वेदर आणि क्लायमेटमध्ये नेमका फरक काय?

हो, चुकतं. 'आज', 'काल', 'या आठवड्यात' असं काही वाक्यात असेल तर तिथे वेदरच हवं.

ही चूक आपल्याकडे फार ऐकू येते आणि तिचं मूळ मराठीत आहे. आपण सहज म्हणतो, 'आज वातावरण छान आहे', 'वातावरण ढगाळ झालंय'. इंग्रजी बोलताना त्या वातावरणाच्या जागी क्लायमेट येऊन बसतं. त्यात 'हवामान' हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. हवामानाचा अंदाज असतो तो वेदरचा आणि हवामान बदल होतो तो क्लायमेटचा. शाळेच्या भूगोलात वेदरला 'हवा' आणि क्लायमेटला 'हवामान' असा स्वच्छ फरक शिकवतात. मला तो फार आवडतो, पण वर्गाबाहेर कुणी पाळत नाही.

मला हा फरक कळला तो पर्जन्यमापकामुळे. माझे वडील आमच्या गावच्या पावसाची नोंद ठेवायचे. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मापकात साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांसमोर सरळ धरून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. २.५ मिलिमीटर किंवा जास्त भरला तरच तो 'पावसाचा दिवस'. वहीतला त्या सकाळचा एक आकडा म्हणजे वेदर. अशा वह्या साठत गेल्या आणि त्यांवरून 'आमच्याकडे जुलैत साधारण इतका पाऊस पडतो' असं सांगता आलं, की ते क्लायमेट. त्यासाठी जगभर निदान ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी धरतात.

मान्सूनचंच बघा. तो १ जूनच्या सुमारास केरळात येतो, हे क्लायमेट. २०२५ साली तो २४ मेलाच पोचला, हे त्या वर्षीचं वेदर. अशा तारखा वर्षानुवर्षं एकाच बाजूला सरकत राहिल्या, तर मात्र क्लायमेट बदलतंय असं म्हणता येतं. म्हणूनच आपल्या राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' आहे ते मला खटकतं. वातावरण तर आपल्या बोलण्यात दुपारपर्यंतसुद्धा बदलतं!

'पुण्याचं क्लायमेट छान आहे' हे मात्र खुशाल म्हणा. त्या दिवशी तिथे चाळीस अंशांचं ऊन असलं तरी वाक्य बरोबरच आहे.