उतारावरचं बी, ओढ्याकाठचं बी

प्रश्न : एकाच रानफुलाचं बी मी दोन जागांहून आणलं. एक कोरड्या, खडकाळ उतारावरचं, दुसरं ओढ्याकाठचं. माती तीच, पाणी तेवढंच, कुंड्या शेजारी-शेजारी. तरी उतारावरची रोपं १७ दिवस आधी फुलली. माझं काही चुकलं का?

उत्तर : छे! स्वीडनच्या ग्योटे तुरेसन यांनी हेच केलं होतं. ठिकठिकाणची रोपं त्यांनी एका बागेत लावली आणि बाग एक असूनही फरक टिकला. अशा त्या-त्या जागेशी जुळलेल्या प्रकारांना त्यांनी १९२२ मध्ये 'इकोटाइप' हे नाव दिलं.

उतारावर ओल लवकर आटते. जे रोप फुलायला वेळ लावतं, ते बी भरायच्या आतच वाळतं आणि त्याचा वंश तिथेच खुंटतो. मग ओढ्याकाठची रोपं का रेंगाळतात? कारण घाई फुकट नसते. लवकर फुललेलं रोप सहसा लहानखुरं राहतं, बीही बेताचंच धरतं. पाणी असेल तिथे आधी अंग धरून मग फुलणारं रोप बाजी मारतं.

याला युगं लागतात असं मीही समजत असे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रानमोहरीने तो समज मोडला. २००० ते २००४ या काळात तिथे सलग अवर्षण पडलं. संशोधकांकडे १९९७ चं बी जपून ठेवलेलं होतं. ते आणि २००४ चं बी त्यांनी एकत्र वाढवलं, तर नंतरची रोपं आधी फुलली : एका जागची सुमारे २ दिवस, दुसरीकडची साडेआठ. वर्षायू झाड, म्हणजे फार तर सात पिढ्या!

पण १७ दिवसांचा आकडा इतक्यात कुणाला सांगू नका. मी एकदा असाच १२ दिवसांचा फरक मिरवला होता. पुढच्या पिढीत चारच उरले. बाकीचे आठ बहुधा आईच्या खाण्यापिण्याचे होते, कारण सुस्थितीतल्या झाडाचं बी टपोरं असतं आणि त्याचं रोप जोमाने उठतं. मोहरीवाल्यांनीही म्हणूनच आधी एक पिढी सारख्या परिस्थितीत वाढवली होती.

तेव्हा तुमच्याच कुंड्यांतलं बी धरून पुन्हा पेरा. फुलं मलमलीने झाका, नाहीतर मधमाश्या दोन्हींचा संकर करतील. परागकण ब्रशने त्या-त्या गटातच फिरवा. आणि तारीख कळीची नको, पहिलं फूल पुरतं उमललं त्या दिवसाची लिहा. माझ्या वहीत दोन्ही मिसळल्या होत्या, तो घोळ निस्तरायला महिना गेला.