कोरं झाकण

प्रश्न : ताई, मी लॉस एंजेलिसजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला आहे. यूसीएलएत, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, पटकथालेखन शिकायचंय. मधूनच प्रवेश मिळतो का?

उत्तर : मिळतो गं, तिसऱ्या वर्षाला. तोवर ६० सेमिस्टर युनिट्स (श्रेयांक) पूर्ण हवीत. तेवढं समुपदेशकाकडून आधी तपासून घे. खरा कस लागतो तो अर्जातल्या लेखनाचा. मीही असाच दुसऱ्या एका विद्यापीठात अर्ज केला होता. पहिल्या खेपेला ‘लहानपणापासून सिनेमाचं वेड’ लिहिलं, नकार आला. पुढच्या वर्षी आईबद्दल लिहिलं. ती पहाटे पाचला तेरा डबे भरायची, झाकणांवर मार्करने गिऱ्हाइकांची नावं घालायची. एक झाकण कोरं असायचं, बाबांचं. तुझ्या घरातलं असं काहीतरी शोध. आणि संवाद कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे. माझे बहिणीने वाचले, तेव्हा कळलं, सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलत होती!