साडू, जाऊ, व्याही इंग्रजीत कसे सांगायचे?

प्रश्न असा आहे: इंग्रजीत साडूला आणि जावेला काय म्हणायचं? 'को-ब्रदर' म्हटलं तर परदेशातल्या सहकाऱ्याला कळलं नाही. आणि 'कझिन ब्रदर' चूक का मानतात?

आधी साडू. रोजच्या इंग्रजीत त्याला स्वतंत्र शब्द नाही, नातं फोडून सांगायचं: 'माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड'. बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे क्रम मराठीसारखाच, फक्त 'च्या'च्या जागी 'स्' लावत जायचं. एवढा तपशील ऐकणाऱ्याला नको असेल तर 'ब्रदर-इन-लॉ' चालतं. जाऊ म्हणजे 'माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ' किंवा नुसतं 'सिस्टर-इन-लॉ'. 'को-ब्रदर' आणि 'को-सिस्टर' हे भारतीय इंग्रजीतले शब्द, दक्षिणेत विशेष रुळलेले. हैदराबादच्या माणसाला ते लगेच कळतील, लंडनच्या माणसापुढे मात्र उपयोगाचे नाहीत.

साखळी दोन 'स्'च्या पुढे नेऊ नये, ऐकणारा वाटेतच हरवतो. 'जावेच्या बहिणीचा मुलगा' सांगायचा तर शेवटचे दोन दुवे एका शब्दात गुंडाळावे: 'माय सिस्टर-इन-लॉज नेफ्यू'. शिकवताना हीच युक्ती सर्वांत कामाची ठरते.

मराठी नात्याचा शब्द ते नातं कोणामुळे जडलं हे सांगतो, इंग्रजी शब्द पिढी आणि रक्ताचं की लग्नाचं एवढ्यावर थांबतो. म्हणून दीर, मेव्हणा, बहिणीचा नवरा हे सगळे 'ब्रदर-इन-लॉ', आणि नणंद, मेव्हणी, वहिनी, भावजय या सगळ्या 'सिस्टर-इन-लॉ'. इंग्रजीत हे भेद पूर्वी होते. जुन्या इंग्रजीत मामाला आणि काकाला वेगवेगळे शब्द होते, आत्या आणि मावशीलाही. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून आलेल्या शब्दांनी ते मागे सारले. गंमत म्हणजे मूळ लॅटिनमध्ये 'अंकल' हा मामा होता, 'आंट' ही आत्या आणि 'कझिन' हा मावसभाऊ! आपला 'नातू' आणि त्यांचा 'नेफ्यू' तर एकाच मुळाचे, संस्कृतातल्या 'नप्तृ'चे भाऊबंद.

'कझिन ब्रदर'चा मोह कुठून होतो ते पाहा. मराठीत 'आला' की 'आली' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, म्हणून मुलगा की मुलगी हे आधी सांगावंसं वाटतं. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. 'माय कझिन लिव्ह्ज इन नाशिक' म्हणावं, पुढच्या वाक्यातल्या 'ही' किंवा 'शी'वरून कळतंच. 'रिअल ब्रदर'ही टाळावं, 'ब्रदर' म्हणजे सख्खाच समजतात. मामेभाऊच हे सांगणं गरजेचं असेल तर 'माय मदर्स ब्रदर्स सन'.

'कझिनचा मुलगा म्हणजे सेकंड कझिन' हा समज चुकीचा. चुलतभावाचा मुलगा 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड', म्हणजे एका पिढीचं अंतर. वडिलांचे चुलतभाऊसुद्धा तेच. चुलतभावाची मुलं आणि आपली मुलं एकमेकांची 'सेकंड कझिन्स'. बोलताना हे कोणी फारसं पाळत नाही, पण व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्रात चुलतभावाच्या मुलाला 'नेफ्यू' लिहू नये.

'सावत्र'चे इंग्रजीत दोन तुकडे होतात. आई किंवा वडील यांपैकी एक सामाईक असेल तर 'हाफ-ब्रदर', रक्ताचा संबंधच नसेल तर 'स्टेप-ब्रदर'. सावत्र आई मात्र नेहमी 'स्टेपमदर'.

आदरार्थी बहुवचनही घात करतं. 'माझे वडील शिक्षक आहेत' याचं 'माय फादर आर' होतं, आणि पुढे त्यांच्यासाठी 'दे' येतं. मग ऐकणाऱ्याला वाटतं, माणसं दोन आहेत. एका माणसाला 'इज' आणि 'ही'च, त्यात अनादर अजिबात नाही. तसंच 'सुरेशकाका' म्हणजे 'अंकल सुरेश', नातं आधी. पण 'सिस्टर-इन-लॉ' ही हाक नव्हे. वहिनींना हाक मारायला इंग्रजीत नावच लागतं, किंवा सरळ 'वहिनी' म्हणावं.

राहिले व्याही. त्यांनाही शब्द नाही: 'माय सन्स फादर-इन-लॉ', विहीणबाई 'माय डॉटर्स मदर-इन-लॉ'. इथे 'माय इन-लॉज' म्हटलंत तर समोरचा तुमच्या स्वतःच्या सासरची माणसं समजेल. स्पॅनिशमध्ये व्याह्यांना 'कोन्सुएग्रो' आणि साडूला 'कोन्कुन्यादो' असे शब्द आहेत, त्यामुळे मेक्सिकन सहकाऱ्याला ही नाती समजावावी लागत नाहीत.

लिहिताना शेवटचा खड्डा: अनेकवचनाचा 'स्' पहिल्या शब्दाला, 'ब्रदर्स-इन-लॉ'. षष्ठीचा शेवटच्या, 'माय ब्रदर-इन-लॉज कार'.