रानातलं स्नेक प्लांट ओळखायचं कसं?

प्रश्न : नैरोबीहून मागाडीकडे जाताना बाभळींखाली निळसर, जाड पानांचं स्नेक प्लांट दिसलं. पानं दोन ओळींत, पंख्यासारखी, सव्वा मीटरच्या आसपास. फुलं नव्हती. मोबाइलमधल्या अॅपने 'सिलिंड्रिका' असं नाव दिलं. ते बरोबर आहे का? — एक वाचक, नैरोबी

उत्तर : नाही. सिलिंड्रिका मूळची अंगोलाच्या बाजूची. तिचं पान काठीसारखं गोल असतं आणि पन्हळ फक्त बुडाशी दिसते. दुकानातल्या कुंड्यांमध्ये तीही पंख्यासारखी वाढते, त्यामुळे फोटोवरून अशी चूक सहज होते.

तुमच्या वर्णनाला जुळते ती एहरेनबर्गी ही स्नेक प्लांटची जात. खात्री पानाच्या कापात मिळते. पूर्ण वाढलेल्या झुपक्याचं सर्वांत बाहेरचं एक पान घ्या. धारदार सुरीने मधोमध आडवं कापून एक सेंटिमीटर जाडीची चकती काढा, ती कागदावर ठेवून पेन्सिलने कड गिरवा. एहरेनबर्गी असेल तर पाठ गोलसर, दोन्ही बाजू चपट्या आणि वरच्या अंगाला तिकोनी पन्हळ दिसेल. ही पन्हळ बुडापासून टोकापर्यंत सलग जाते. तिच्या कडा तांबूस-तपकिरी असतात आणि त्यांना पांढरी, कागदासारखी पातळ किनार असते.

बाजूंवरच्या बारीक उभ्या रेघांवर मात्र फार विसंबू नका. उन्हाळ्यात पानातलं पाणी आटलं की त्या खोल होतात, पावसानंतर बुजतात. पन्हळ तशी बुजत नाही.

कोवळ्या रोपावरून नाव ठरवणं हा सर्वांत मोठा घोटाळा. याच भागातल्या सिंग्युलॅरिस या दुसऱ्या जातीचं बाल्य पाहा: आधी पन्हळीच्या पानांचा झुपका, आणि मोठेपणी जमिनीतून एकच गोल, भाल्यासारखं पान! दोन्ही रूपं शेजारी उभी असली तरी वेगळ्या जाती वाटतात. सफ्रुटिकोसा या आणखी एका जातीची पानं आखूड खोडाभोवती फिरत चढतात आणि तिचे धुमारे जमिनीवरून पसरतात. तेव्हा मुळाशी वाकून पाहिलंत तरी तिचा प्रश्न मिटतो.

फुलोरा मिळाला तर उत्तमच. एहरेनबर्गीचा दांडा फांद्या फुटलेला असतो, दीड-दोन मीटरपर्यंत जातो. सिंग्युलॅरिसची फुलं जमिनीलगत गुच्छाने येतात.

मासाई लोक एहरेनबर्गीला 'ओल्डुपाई' म्हणतात. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीला नाव मिळालं ते याच शब्दाच्या चुकीच्या उच्चारातून. सॅन्सेव्हिएरिया ही स्नेक प्लांटची जुनी प्रजाती (जीनस) आता ड्रॅसीना या प्रजातीतच धरतात, म्हणून नव्या याद्यांत ही वनस्पती ड्रॅसीना हॅनिंग्टोनाय या नावाने शोधा.

पान वाळवून ठेवायचं तर आधी उभं चिरून गर खरवडून काढा. अख्खं दाबलं तर ते वाळण्याआधीच कुजतं. नमुना, चकतीचं रेखाटन आणि सापडल्याची नेमकी जागा नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या ईस्ट आफ्रिकन हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) दाखवा. रोप उपटून भारतात आणायचा विचार असेल तर परवानगी, आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय त्याला हात लावू नका.