बुद्धिबळाच्या कोड्यांत एन पासाँ (दोन घरं धावलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारणं) कसं चालतं? खेळाचा प्रकार बदलला की नियमही बदलतो का?

नियम बदलत नाही, त्याचे परिणाम बदलतात, आणि ते भलतेच मजेशीर असतात.

नेहमीचा प्रसंग घ्या. काळ्याने डी७ वरचं प्यादं एकदम डी५ वर आणलं आणि शेजारी ई५ वर पांढरं प्यादं आहे. ते लगेचच्या खेळीत डी६ वर जातं आणि डी५ वरचं प्यादं उचललं जातं. म्हणजे मारणारा उतरतो एका घरात आणि मेलेला उठतो दुसऱ्याच घरातून. प्रकारांमधला सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

साध्या कोड्यातही एक अट असते. आधीची खेळी दिसत नसल्यामुळे शेवटची खेळी डी७-डी५ हीच होती, दुसरी शक्यच नव्हती, हे मांडणीवरून सिद्ध झालं तरच पहिल्या खेळीत एन पासाँ घेता येतं. कॅसलिंगचं (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचं) नेमकं उलटं आहे. ते अशक्य असल्याचं सिद्ध होईपर्यंत चालतं.

आता सर्सी हा प्रकार. यात मेलेलं प्यादं त्याच उभ्या पट्टीत आपल्या मूळ घरी, म्हणजे डी७ वर, पुन्हा उभं राहतं (घर मोकळं असेल तर). दोन घरं धावून आलेला गडी पुन्हा निघाल्या जागी, आणि पुढ्यात डी६ वर तुमचं प्यादं! अँटीसर्सीत मारणाराच डी२ वर परततो. डी२ भरलेलं असेल तर मारताच येत नाही.

ग्रिड चेसमध्ये पट दोन-बाय-दोनच्या चौकटींत विभागलेला असतो आणि प्रत्येक खेळीत चौकटीची रेघ ओलांडावी लागते. म्हणून ई५ वरून डी६ वर मारता येतं, पण एफ६ वर नाही, कारण ई५ आणि एफ६ एकाच चौकटीत येतात.

माझा सर्वात लाडका प्रकार मोनोक्रोमॅटिक. इथे सोंगटी ज्या रंगाच्या घरावर उभी असते त्याच रंगाच्या घरांवर फिरते, त्यामुळे घोडा जन्मभर जागेवरच. काळ्या घरांवरची सोंगटी पांढऱ्या घरावरच्या शत्रूला मारूच शकत नाही. अपवाद एकच, एन पासाँ: ई५ काळं घर, डी६ काळं, पण मेलेलं प्यादं डी५ वर, म्हणजे पांढऱ्या घरावर!

अशा एका कोड्यात पांढऱ्या घरांवरचं एक काळं प्यादं गायब होतं आणि त्याला मारू शकेल अशी सोंगटीच त्या रंगावर नव्हती. दोन संध्याकाळी मी नुसता मोजत बसलो होतो. चोर दुसऱ्या रंगावर उभा होता.