गूगल-मेटाचे तुकडे करावेत का? आधी शिवण शोधा

प्रश्न असा आहे की गूगल, मेटा, ॲमेझॉन यांचे तुकडे केले तर स्पर्धा वाढेल का, आणि वाढणार असेल तर सरकारं ते करत का नाहीत.

माझ्या मते एखाद्या ठिकाणी हो, बहुतेक ठिकाणी नाही. कंपनी किती मोठी आहे यावर ते ठरत नाही, तिच्यात शिवण कुठे आहे यावर ठरतं. दोन धंदे वेगळे, गिऱ्हाईक वेगळं, आणि एक धंदा दुसऱ्याला झुकतं माप देतोय, तर तिथे उसवता येतं. जिथे कापड सलग आहे तिथे कात्री चालवली तर हाती चिंध्या लागतात.

शिवण सगळ्यात ठळक दिसते ती गूगलच्या वेबसाइट-जाहिरातींच्या धंद्यात. बातम्यांची साइट उघडली की पान पूर्ण दिसायच्या आत जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन गेलेला असतो. प्रकाशकाच्या बाजूला ॲड सर्व्हर असतो, कोणती जाहिरात लावायची ते तो ठरवतो. मध्ये एक्स्चेंज, म्हणजे ॲडएक्स, जिथे बोली लागते. जाहिरातदाराच्या बाजूला गूगल ॲड्स. तिन्ही एकाच मालकाचे. बाजार समितीत शेतकऱ्याचा अडत्या, माल घेणारा व्यापारी आणि काटा धरणारा मापाडी एकाच घरातले असावेत, तसं हे आहे.

मग काय होतं? ॲडएक्सला कधी पहिली संधी मिळायची, कधी इतर एक्स्चेंजची सर्वांत वरची बोली आधी बघून आपली बोली लावता यायची. यातून सुटायला प्रकाशकांनी हेडर बिडिंग काढलं : ॲड सर्व्हरला विचारायच्या आधीच ब्राउझरमधून चार-पाच एक्स्चेंजकडून बोली मागवायच्या. २०१९ मध्ये गूगलने नियम बदलला आणि ॲडएक्ससाठी इतरांपेक्षा जास्त किमान भाव लावायची मुभा प्रकाशकांकडून काढून घेतली. ॲडएक्सची २० टक्के दलाली मात्र वर्षानुवर्षं तशीच राहिली. खऱ्या स्पर्धेत मधल्या माणसाची दलाली इतकी वर्षं जागची हलत नाही, असं होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी प्रकाशकांचा ॲड सर्व्हर आणि एक्स्चेंज या दोन्ही बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली, आणि एकाला दुसरं बांधून विकलं, असा निकाल दिला.

इथे कापणं शक्य आहे, कारण ॲडएक्सचं गिऱ्हाईक, करार आणि कमिशन वेगळं काढून दाखवता येतं. आणि प्रकाशकांचा हा ॲड सर्व्हर मुळात डबलक्लिक या कंपनीचा, गूगलने ३.१ अब्ज डॉलरला बाहेरून विकत घेतलेला. पण नुसतं 'विका' म्हणून भागत नाही. ही यंत्रणा गूगलच्या अंतर्गत सर्व्हर-व्यवस्थेवर चालते, ती दुसरीकडे हलवायला वेळ लागतो आणि तोवर तिला गूगलच्याच सेवा भाड्याने घ्याव्या लागतात. दुसरा खड्डा याहून खोल. गूगल ॲड्सची मागणी नव्या मालकाच्या एक्स्चेंजकडे बरोबरीच्या अटींवर आली नाही तर तो एक्स्चेंज विकत घेतल्यावर सुकून जाईल. म्हणून अमेरिकी सरकारने विक्रीबरोबर लिलावाचा शेवटचा निर्णय घेणारा कोड खुला करण्याची मागणी केली, आणि ॲड सर्व्हरची विक्री पुढच्या टप्प्यावर ठेवली. मागणीतला हा क्रम मला योग्य वाटतो.

आता उलट उदाहरण, गूगलच्या क्रोम ब्राउझरचं. सर्चच्या वेगळ्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला मक्तेदार ठरवलं. डिफॉल्ट सर्च, म्हणजे फोन-ब्राउझरमध्ये आधीपासून लावलेलं सर्च, राहण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले होते. सरकारने क्रोम विकायला लावा म्हटलं, सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने नकार दिला. अनेकांना हा नेभळटपणा वाटला. मला नाही वाटला. वेगळा झालेला क्रोम जगणार कशावर? ब्राउझरचं मोठं उत्पन्न म्हणजे डिफॉल्ट सर्चचे पैसे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग आजही गूगलकडूनच येतो. म्हणजे ज्या व्यवहाराबद्दल खटला चालला, तुकडा पहिल्या दिवसापासून त्याच व्यवहारावर उभा राहिला असता. त्याऐवजी एकमेव राहण्याच्या अटींवर बंदी आली आणि पात्र स्पर्धकांना सर्चचा काही डेटा द्यायचं बंधन आलं. खटकतं ते दुसरं : पैसे देण्यावर बंदी नाही, फक्त 'दुसऱ्याला ठेवू नका' म्हणण्यावर आहे.

'अमेरिकेतल्या एटी अँड टी या फोन कंपनीचे तुकडे केले तेव्हा चाललं ना' असं कोणी म्हणालं, तर काय चाललं ते नीट बघा. १ जानेवारी १९८४ ला स्थानिक फोनसेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली, लांब पल्ल्याची सेवा एटी अँड टीकडे राहिली. हे सात तुकडे एकमेकांचे स्पर्धक नव्हतेच. प्रत्येकाचा आपापल्या मुलखात एकच नांगर. स्पर्धा आली ती लांब पल्ल्याच्या कॉलमध्ये, आणि ती समान जोडणीच्या अटीमुळे, म्हणजे स्थानिक कंपनीने लांब पल्ल्याच्या सगळ्या कंपन्यांना सारखीच जोडणी द्यायची. आधी एमसीआय या स्पर्धक कंपनीवरून फोन लावायचा तर वीसहून जास्त आकडे फिरवावे लागत. अटीनंतर आधी १ दाबून नेहमीसारखा नंबर लावला की झालं. कोणती कंपनी हवी हे ग्राहकांना मतपत्रिका पाठवून विचारलं गेलं. एटी अँड टीचा वाटा सुमारे ९० टक्क्यांवरून १९९५ पर्यंत निम्म्याच्या आसपास आला. सात तुकड्यांतले बरेचसे पुढे पुन्हा एकमेकांत विरले, आणि त्यांतल्याच एकाने, एसबीसीने, २००५ मध्ये जुनी एटी अँड टी गिळून तिचंच नाव लावलं. महाराष्ट्रात २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं. निर्मिती, पारेषण, वितरण वेगळं झालं, पण घरगुती ग्राहकाच्या मीटरवर महावितरणला पर्याय आला नाही. मुंबई उपनगरात पर्याय आला, कारण एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घ्यायची सोय झाली.

मेटाबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्राम २०१२ मध्ये १ अब्ज डॉलरला, व्हॉट्सॲप २०१४ मध्ये १९ अब्जाला घेतलं. या खरेदींवरून अमेरिकी सरकारचा खटला डिसेंबर २०२० मध्ये दाखल झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार हरलं, कारण तोवर टिकटॉक आणि यूट्यूबही त्याच बाजारात धरावे लागले. विकत घेताना अडवायला हवं होतं. आपल्याकडे कंपनी विकत घेताना उलाढाल आणि मालमत्ता पाहूनच स्पर्धा आयोगाची परवानगी लागायची, त्यामुळे कोट्यवधी वापरकर्ते पण नगण्य उलाढाल असलेली कंपनी चाळणीतून सहज निसटायची. १० सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांहून मोठ्या व्यवहारांना, भारतात त्या कंपनीचा पुरेसा व्यवसाय असेल तर, परवानगी लागते.

भारतात तुकडे करता येतात का? कायद्यात आहे. स्पर्धा कायदा, २००२ चं कलम २८ वाचा : वर्चस्व असलेल्या उद्योगाचं विभाजन, मालमत्ता-हक्क-देण्यांचं हस्तांतर, करारांची फेरजुळणी, सगळं त्यात आहे. विभाजनात पद गेलेल्या अधिकाऱ्याला भरपाई मागता येणार नाही, इतका बारकावाही आहे. पण कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा कोड, पेटंट आणि इंजिनिअर दिल्लीहून वाटता येत नाहीत. त्यामुळे इथे खरं हत्यार म्हणजे कलम २७, दंड आणि वर्तनाच्या अटी.

आणि त्या अटींची धार आकड्यांत तपासावी लागते. स्पर्धा आयोगाच्या २०२२ च्या आदेशांनंतर गूगल प्लेवर ॲपवाल्यांना दुसरी पेमेंट व्यवस्था वापरता येऊ लागली. पण तसं केल्यास शुल्क फक्त ४ टक्क्यांनी कमी : १५ ऐवजी ११, ३० ऐवजी २६. दुसऱ्या पेमेंट गेटवेचं शुल्क, परतावे आणि हिशेबाचा खर्च धरला की उरत जवळजवळ काहीच नाही. दार उघडं, पण उंबरठा छातीएवढा.

यूपीआयमध्ये तर दार पहिल्यापासून सताड उघडं आहे, कोणत्याही ॲपवरून कोणत्याही बँकेत पैसे जातात. तरी फोनपे आणि गूगल पे मिळून सुमारे ८० टक्के व्यवहार करतात. प्रत्येक ॲपला ३० टक्के व्यवहारांची मर्यादा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२० मध्ये जाहीर केली, मुदत ढकलत २०२६ अखेरपर्यंत गेली. दोघांचंच वर्चस्व राहण्याचं कारण सरळ आहे : २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, म्हणून नवा खेळाडू कॅशबॅकवर पैसे जाळू शकेल तेवढेच दिवस टिकतो. इथे फोनपेचे दोन तुकडे केले, तर दोन्ही तुकड्यांपुढे पहिल्या महिन्यापासून हाच प्रश्न असेल.